बाल्टिक पाइप

बाल्टिक पाइप : उत्तर समुद्रातील नॉर्वेचा नैसर्गिक वायू डेन्मार्कमार्गे पोलंडला पोहोचवणारी आंतरराष्ट्रीय वायुवाहिनी. पोलंडकडे वर्षाला १० अब्ज घनमीटर आणि उलट दिशेने डेन्मार्ककडे ३ अब्ज घनमीटर वायू नेण्याची तिची क्षमता आहे. डेन्मार्कची एनर्जीनेट आणि पोलंडची गाझ-सिस्टेम या सरकारी मालकीच्या पारेषण कंपन्यांनी ती उभारली. २७ सप्टेंबर २०२२ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि १ ऑक्टोबरपासून वायू वाहू लागला. ही योजना दोनदा बारगळून तिसऱ्या खेपेस तडीस गेली. त्यामुळे एकाच पुरवठादारावरचे अवलंबन कमी करणारी सीमापार वाहिनी कशाने अडते आणि कशाने पुरी होते, हे तिच्या इतिहासातून नेमके कळते.

पार्श्वभूमी : पोलंडची वायूची वार्षिक गरज २०१०–२० या दशकाच्या अखेरीस सुमारे २० अब्ज घनमीटर होती आणि देशांतर्गत उत्पादन सुमारे ४ अब्ज घनमीटर. उरलेल्यातला मोठा हिस्सा रशियाच्या गाझप्रॉम कंपनीकडून येई. १९९६ मध्ये झालेल्या यामाल करारान्वये वर्षाला १०.२ अब्ज घनमीटरपर्यंत वायू मिळे. हा करार २०२२ च्या अखेरीस संपणार होता. युक्रेनशी झालेल्या वादांत रशियाने जानेवारी २००६ आणि जानेवारी २००९ मध्ये पुरवठा रोखला, तेव्हा हे अवलंबन किती धोक्याचे आहे ते दिसून आले. दराचाही वाद होता. पर्यायी पुरवठादार नसल्याने घासाघीस करायला पोलंडच्या हाती फारसे काही नव्हते. अखेर मार्च २०२० मध्ये स्टॉकहोम येथील लवादाने दर बाजारभावाशी जोडण्याचा निर्णय दिला आणि गाझप्रॉमला सुमारे दीड अब्ज डॉलर परत करावे लागले.

आधीचे प्रयत्न : पंतप्रधान येझी बुझेक यांच्या कारकिर्दीत, २००१ मध्ये, पोलंडच्या पीजीएनआयजी या सरकारी कंपनीने डेन्मार्कशी वाहिनीचा आणि नॉर्वेच्या कंपन्यांशी वर्षाला ५ अब्ज घनमीटर वायूखरेदीचा करार केला. पण तेवढ्या वायूवर वाहिनीचा खर्च निघत नव्हता आणि स्कँडिनेव्हियात आणखी ग्राहक मिळेनात. करारबद्ध वायू गरजेपेक्षा जास्तच आहे, अशी पुढच्या सरकारची भूमिका होती. नॉर्वेचा करार २००३ मध्ये मोडला. २००७ मध्ये योजना पुन्हा पुढे आली. त्याच वर्षी पीजीएनआयजीने नॉर्वेच्या स्कार्व्ह वायुक्षेत्रात हिस्सा घेतला. मात्र नॉर्वेचा वायू स्वीडन व डेन्मार्कपर्यंत आणणारी स्कानलेड वाहिनी आर्थिक मंदीत, २००९ मध्ये, स्थगित झाली आणि तिच्याबरोबर ही योजनाही थांबली. दोन्ही वेळा वायू होता, तंत्रज्ञानही होते. वर्षानुवर्षे पैसे मोजण्याची हमी देणारा ग्राहक तेवढा नव्हता.

नियोजन : तिसऱ्या प्रयत्नाची सुरुवात २०१६ मधील व्यवहार्यता अभ्यासाने झाली. या वेळी यामाल कराराची मुदत हीच कामाची अंतिम तारीख धरून वेळापत्रक आखण्यात आले. वायू वाहून नेण्याची क्षमता किती आणि किती वर्षांसाठी हवी, याच्या मागण्या २०१७ मध्ये जाहीर प्रक्रियेने मागवल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये पीजीएनआयजीने बहुतांश क्षमता २०२२ ते २०३७ अशा १५ वर्षांसाठी नोंदवली. वायू नेला नाही तरी शुल्क भरायचे, असे या नोंदणीचे स्वरूप असल्याने बांधणीचा खर्च वसूल होण्याची खात्री झाली. दोन्ही कंपन्यांनी गुंतवणुकीचा अंतिम निर्णय नोव्हेंबर २०१८ मध्ये घेतला. सुमारे १.६ अब्ज युरो खर्चाच्या या प्रकल्पाला युरोपीय संघाने सामाईक हिताच्या प्रकल्पांत स्थान दिले आणि अनुदानही दिले.

डेन्मार्कचा हेतू वेगळा होता. तेथे वायूचा वापर घटत होता आणि जाळ्याच्या देखभालीचा भार कमी ग्राहकांवर पडत होता. पोलंडला जाणाऱ्या वायूवरील शुल्कामुळे हा भार वाटला जाणार होता. मार्गातल्या देशाचा असा स्वतंत्र फायदा असल्यामुळेच प्रकल्प तेथील सरकारे बदलूनही टिकला.

मार्ग : प्रकल्पाचे पाच भाग आहेत. नॉर्वेहून जर्मनीला जाणाऱ्या यूरोपाइप २ या जुन्या वाहिनीला उत्तर समुद्रात फाटा जोडून तो सुमारे १०५ किमी अंतरावरील डेन्मार्कमधील युटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आणला आहे. तेथून सुमारे २१० किमीची जमिनीवरील वाहिनी युटलंड, फ्यून आणि सीलंड ओलांडते. सीलंडच्या आग्नेय भागात एव्हरड्रुप येथे वायूचा दाब वाढवणारे कॉम्प्रेसर केंद्र आहे. पुढे सुमारे २७५ किमीची वाहिनी बाल्टिकच्या तळावरून, काही अंतर स्वीडनच्या आर्थिक क्षेत्रातून, पोलंडच्या पोगोझेलित्सा किनाऱ्याला लागते. पोलंडमधील जाळ्याचा विस्तार हा पाचवा भाग होय. पर्यटकांची वर्दळ असलेला पोगोझेलित्साचा किनारा खणावा लागू नये म्हणून तेथे वाहिनी बोगद्यातून नेली आहे.

परवाने व अडचणी : बोर्नहोम बेटाच्या दक्षिणेकडील सागरी हद्दीबाबत डेन्मार्क आणि पोलंड यांच्यात अनेक दशकांचा वाद होता. परवाना कोणी द्यायचा हेच ठरत नसल्याने तो मिटवणे भाग पडले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हद्दीचा करार झाला. जमिनीवर निराळीच अडचण आली. वटवाघळे, हेझल डॉरमाउस आणि बर्च माउस हे छोटे कृंतक यांच्या संरक्षणाचे उपाय पुरेसे तपासलेले नाहीत, असा निर्णय देऊन डेन्मार्कच्या पर्यावरणविषयक अपील मंडळाने २०२१ च्या मध्यास पर्यावरण परवाना रद्द केला. नवा परवाना मार्च २०२२ मध्ये मिळाला. मधल्या काळात वादाबाहेरच्या टप्प्यांचे काम चालू राहिले. त्यामुळे ठरल्या दिवशी जुन्या डॅनिश जाळ्याच्या आधाराने अंशतः पुरवठा सुरू करता आला आणि पूर्ण क्षमता नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस गाठली गेली.

कार्यान्वयन : यामाल करार संपण्याआधीच, २७ एप्रिल २०२२ रोजी, रुबलमध्ये पैसे देण्याची रशियाची मागणी पोलंडने नाकारल्यावर गाझप्रॉमने पुरवठा बंद केला. त्यानंतरचे पाच महिने साठवलेला वायू, श्विनोउइश्चे येथील द्रवरूप वायूचे बंदर आणि शेजारी देशांशी असलेल्या जोडण्या यांवर निभावले. बाल्टिक पाइपच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोर्नहोमजवळ रशियाहून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्यांत स्फोट झाले. या वाहिन्यांचा मार्ग बाल्टिक पाइप समुद्रतळाशी ओलांडते, म्हणून तिच्या सुरक्षेचा प्रश्नही तेव्हाच पुढे आला.

मूल्यमापन : रिकामी वाहिनी बांधून पुरवठ्यात विविधता येत नाही, तिच्यातून वाहणारा वायूही आधी मिळवावा लागतो. पीजीएनआयजीने नॉर्वेतील वायुक्षेत्रांत हिस्से वाढवले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इक्विनॉर कंपनीशी वर्षाला २.४ अब्ज घनमीटरचा दहा वर्षांचा करार केला. त्याच वर्षी लिथुएनिया व स्लोव्हाकियाशी नव्या जोडण्याही सुरू झाल्या. मर्यादा अशी, की या वाहिनीने युरोपच्या एकूण वायूत भर पडलेली नाही. जर्मनीकडे जाऊ शकणाऱ्या वायूला पूर्वेकडे वाट मिळाली, एवढेच. शिवाय २०५० पर्यंत हवामानतटस्थ होण्याचे युरोपीय संघाचे उद्दिष्ट आहे. क्षमतेचे करार २०३७ मध्ये संपतील, तेव्हा एवढ्या वायूला ग्राहक राहील का, हा पहिल्या दोन प्रयत्नांना अडवणारा प्रश्न पोलंडपुढे नव्याने उभा राहील.