पैसे भरायचे की डाव सोडायचा?

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. समोरच्यानं चाल वाढवली, आता पैसे भरायचे की 'पॅक' म्हणून पत्ते खाली ठेवायचे? अमेरिकेतल्या पोकरमध्ये रक्कम वाढवण्याला रेज, तेवढेच पैसे भरण्याला कॉल आणि डाव सोडण्याला फोल्ड म्हणतात. शब्द वेगळे, पेच तोच. त्याचं पक्कं उत्तर शोधायला गणितज्ञांना सत्त्याऐंशी वर्षं लागली.

सुरुवात केली हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी. खेळांच्या गणितावरचा त्यांचा निबंध १९२८ सालचा. पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरला स्वतंत्र विभाग दिला. थाप मारणं हा खेळाडूच्या स्वभावाचा नव्हे, तर हिशेबाचा भाग आहे, हे त्यांनी दाखवलं. जो कधीच थाप मारत नाही, त्याच्या चांगल्या पत्त्यांनाही कुणी पैसे भरत नाही. आणि प्रत्येक रेजला जो घाबरून डाव सोडतो, त्याला थापाड्या आरामात लुटतो.

'लिमिट' पोकरमध्ये हा हिशेब अधिक स्वच्छ दिसतो, कारण तिथे रक्कम किती वाढवायची हे आधीच ठरलेलं असतं. समजा, मधे २४ रुपये जमले आहेत आणि शेवटच्या फेरीत समोरच्यानं ४ लावले. आता तुम्ही ४ भरता ते २८ मिळवण्यासाठी. आठ वेळांत एकदा जरी तुमची पानं सरस निघाली, तरी तोटा नाही. चुकून भरलेत तर ४ जातात. चुकून सोडलंत तर २८. माणसाला मात्र हातातून गेलेले ४ दिसतात, न मिळालेले २८ दिसत नाहीत!

रक्कम वाढली म्हणून हे प्रमाण बदलत नाही, पण हात थरथरतो. डॅलसचे बँकर अँडी बील यांनी नेमकं हेच हेरलं. २००१ पासून लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत ते नामांकित व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक असा लिमिट पोकर खेळू लागले. डाव इतका मोठा ठेवायचा की पोटासाठी खेळणारा माणूस बिचकावा, ही त्यांची युक्ती. २००४ मध्ये एकेक बोली १ लाख आणि २ लाख डॉलरवर गेली. व्यावसायिकांनीही पैसे एकत्र करून धोका वाटून घेतला. फेब्रुवारी २००६ मध्ये बील यांनी त्यांच्याकडून १ कोटीहून अधिक डॉलर जिंकले आणि काही दिवसांतच फिल आयव्ही यांनी तीन दिवसांत बील यांच्याकडून १ कोटी ६६ लाख डॉलर काढले. धैर्य दोघांकडेही होतं, म्हणा.

यंत्राला बिचकणं ठाऊक नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा 'पोलॅरिस' हा संगणक-प्रोग्राम २००७ मध्ये माणसांकडून थोडक्यात हरला, २००८ मध्ये जिंकला. जानेवारी २०१५ मध्ये मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेफियस' जाहीर केला. तो स्वतःशीच खेळत शिकला. प्रत्येक डावानंतर 'इथं वेगळं केलं असतं तर किती मिळालं असतं' याचा हिशेब, आणि तोही सुमारे अडुसष्ट दिवस, हजारो प्रोसेसरांवर. दोघांमधला लिमिट पोकर व्यवहारतः सुटला. माणूस रोज बारा तास असा सत्तर वर्षं खेळला, तरी त्याला सेफियसची उणीव खात्रीनं दाखवता येणार नाही.

त्याच्या खेळातली एक गोष्ट अनुभवी खेळाडूंनाही चकित करणारी होती. सुरुवातीला पत्ते वाटणारा १ रुपया आणि दुसरा २ रुपये सक्तीनं ठेवतो. वाटणाऱ्यानं रक्कम ४ वर नेली, की दुसऱ्यानं आणखी २ भरायचे, आणि मधे असतात ६. चारात एक वेळ जिंकण्याचा हा सौदा. पुढच्या बोलींमुळे तो इतका सरळ राहत नाही. पण बहुतेक माणसं जी पानं इथं टाकून देत, त्यांतली पुष्कळ पानं सेफियस हातात ठेवतो, २ रुपये भरतो आणि पुढचे पत्ते बघतो.