फर्माईशीची पोस्टकार्डे

संगीताचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, तो बहुतांशी गाणाऱ्यांचा इतिहास आहे. घराणी, गुरुपरंपरा, बंदिशी, राजाश्रय यांची चर्चा त्यात विस्ताराने येते; परंतु ज्याला एखादे पद आवडले आणि ते आवडल्याचे ज्याने चारचौघांत बोलून दाखविले, तो श्रोता 'रसिकवृंद' या एका सामासिक शब्दात उरकला जातो. वस्तुतः या रसिकालाही इतिहास आहे. आमच्या नाट्यगृहांत १८८० च्या 'संगीत शाकुंतला'पासून पुढे त्याने आपली आवड सांगण्याची एक रीत रूढ केली होती. 'वन्स मोअर' हे दोन शब्द इंग्रजी खरे, पण ते आपण इतके आपलेसे केले की त्यांना प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. मात्र त्यासाठी तिकीट काढून नाट्यगृहात बसावे लागे, आणि ओरडणारा कोण हे शेजारच्या खुर्चीपलीकडे कोणाला कळत नसे. आपले नाव, आपले गाव आणि आपले गाणे ही तिन्ही एकत्र उभ्या देशाला ऐकविण्याची सोय सामान्य माणसाला प्रथम मिळाली ती रेडिओवरील फर्माईशीने. आणि ती सोय, थोडी विचित्र गोष्ट अशी, की भारत सरकारच्या एका निर्बंधामुळे वाढीस लागली.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते जन्माने पुण्याचे, पॅरिसला उच्च शिक्षण घेतलेले, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते आहे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, गाणी पारखून घेण्याची पद्धत आली, आणि गाण्यापूर्वी चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे चित्रपटाची फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. निर्मात्यांनी चिडून आपल्या गाण्यांच्या प्रसारणाची परवानगी काढून घेतली. परिणामी आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसेच झाले.

केसकरांची थट्टा करण्याची पुढे एक परंपराच पडली. ती आम्हांस अर्धवट न्यायाची वाटते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली, आणि संस्थाने विलीन झाल्यामुळे ज्यांचा आश्रय तुटला होता अशा कितीतरी गवयांना व वादकांना नभोवाणीने आधार दिला. हे काम लहान नव्हे. तथापि ऐकणाऱ्याला काय आवडावे हे परिपत्रकाने ठरविता येईल, असे जे त्यांनी गृहीत धरले, तेथे गणित चुकले. परिपत्रकाचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, हे आपल्यासारख्या सरकारी नोकरांना निराळे सांगावयास नको.

कारण ज्या वेळी दिल्लीने दार लावून घेतले, त्याच वेळी कोलंबोचे दार उघडे होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले एक शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोन सरकारच्या हाती आले होते, आणि १९५० पासून रेडिओ सिलोनने व्यापारी कार्यक्रम सुरू केले होते. लघुलहरींवरून त्याचा आवाज साऱ्या भारतात पोहोचे. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून गाणी समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईत, नागपुरात, पाटण्यात येत. निवेदक अमीन सयानी त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. आरंभी ही एक लहानशी स्पर्धा होती: सात गाणी वाजवावयाची, श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवावयाची आणि शंभर रुपयांचे बक्षीस. सयानी (त्यांचे निधन २०२४ साली झाले) आपल्या आठवणींत सांगत की पहिल्याच कार्यक्रमास ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्यास ६५,००० वर गेला. ज्यांच्या टेबलावर रोजचे आवक टपाल येऊन पडते त्यांनी हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. अखेर स्पर्धा बंद करून गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावण्याची पद्धत घ्यावी लागली. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मते हा त्या क्रमवारीचा आधार होता. १९५३ सालच्या गाण्यांत अग्रस्थान मिळाले ते 'अनारकली'तील लताबाईंच्या एका गाण्याला; त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. बंदी घालणारा मराठी आणि बंदी ओलांडून घरोघर पोहोचणारे सूरही मराठी, हा योग गमतीचा आहे.

परंतु आमचे खरे कुतूहल क्रमवारीविषयी नाही, फर्माईशीविषयी आहे. फर्माईशीचे कार्यक्रम ज्यांनी ऐकले त्यांच्या कानांत गाण्याआधीची ती गावांची आणि नावांची मालिका अजून असेल: राजनांदगाव, भाटापारा आणि या साऱ्यांत अग्रेसर, झुमरी तिलैया. हे गाव खरोखर अस्तित्वात आहे की निवेदकाच्या कल्पनेतले आहे, अशी शंका पुष्कळांना येई. ते अस्तित्वात आहे. तेव्हाच्या बिहारमधील हजारीबाग जिल्ह्यातले, आजच्या झारखंडातील कोडर्मा जिल्ह्यातले हे गाव अभ्रकाच्या व्यापारावर भरभराटीस आले. जवळच बराकर नदीवर दामोदर खोरे महामंडळाचे तिलैया धरण १९५३ मध्ये पुरे झाले. अभ्रक विजेला अडवते, म्हणून त्या काळच्या रेडिओयंत्रांतील धारित्रांत, ज्यांना कारागीर कंडेन्सर म्हणतात त्यांत, ते वापरीत. ज्या भूमीतील खनिज रेडिओच्या पोटात जात होते, त्या भूमीतील माणसांची नावे रेडिओच्या मुखातून येत होती. आम्हांस हा योगायोग फार आवडतो.

अभ्रकाच्या एका व्यापाऱ्याने ही पत्रे पाठविण्याचा प्रघात पाडला, मग पानवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत ज्याला त्याला तो छंद लागला, श्रोतृसंघ निघाले आणि कोणाचे नाव अधिक वेळा लागते यावर चुरस सुरू झाली. प्रतिस्पर्ध्याचे कार्ड टपालातच अडवावे म्हणून डाकवाल्याशी संधान बांधल्याच्या कथा तेथे सांगतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्या रचल्या जाव्यात यातच सारे आले.

या कार्डांवर लिहिलेले काय असे? गाणे, चित्रपट, स्वतःचे नाव, घरातल्यांची वा मित्रांची नावे, गाव. बस. गाणे का हवे आहे, ते ऐकून मनात काय होते, हे लिहिण्यास कार्डावर जागा नव्हती आणि लिहिले तरी निवेदकापाशी ते वाचण्यास वेळ नव्हता. म्हणून भावना सांगण्याचे सारे काम गाण्याच्या निवडीवर येऊन पडे. तलत महमूदचे एखादे विरहगीत मागताना आपल्या नावाशेजारी दुसरे एक नाव घालणे, हे ज्या समाजात तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणे अशक्यप्राय होते, तेथे किती धाडसाचे असेल! निवेदकाने ते नाव भर संध्याकाळी उच्चारावे, ते साऱ्या गल्लीने ऐकावे आणि तरीही कोणाला बोट ठेवता येऊ नये. एकाच गाण्यासाठी वीस गावांतून वीस नावे यावीत, प्रत्येकाचे कारण निराळे असावे, आणि तीन मिनिटांत त्या विसांचेही समाधान व्हावे. केसकरांना जी गाणी हलकी वाटली, त्यांच्यावर लोकांनी एवढे ओझे टाकले होते. आमच्या मते गाण्याची थोरवी ठरविताना हे ओझेही वजनात धरावयास हवे. रागदारीची कसोटी खोटी नव्हे, पण ती एकटी पुरत नाही.

रेडिओ सिलोनच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट रोज आठाच्या सुमारास कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होत असे. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी वारले होते. मृत गायकाचे एक गाणे दिवसाच्या आरंभी रोज लावण्याचा हा नेम वर्षानुवर्षे चालला. त्याला फर्माईशीचीही गरज उरली नव्हती.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आकाशवाणीने चित्रपटगीतांच्या जागी सुगम संगीत रचून घेण्याचा जो उद्योग आरंभिला, त्या काळातच पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' ऐकू येऊ लागले. छप्पन्न गीते, आठवड्यास एक. लोक रेडिओला हार घालून ऐकत बसत. कवी ग. दि. माडगूळकर आणि गायक-संगीतकार सुधीर फडके, दोघेही चित्रपटसृष्टीतले! केसकरांच्या आकाशवाणीला मराठी घरांत मिळालेले सर्वांत मोठे यश चित्रपटवाल्यांनीच मिळवून दिले. हलके आणि भारदस्त यांमधील भिंत श्रोत्याने कधीच मानली नव्हती.

सरकारनेही शेवटी हे ओळखले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. तिचे नाव आणि घडण यांमागे कवी पं. नरेंद्र शर्मा होते. सिलोनकडे जाणारी पोस्टकार्डे हळूहळू इकडेही वळली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवर विविध भारतीवरून जाहिरातीही लागू लागल्या. ज्या सिलोनच्या व्यापारीपणास नाके मुरडली होती, त्याचाच हा कित्ता होता.

विविध भारतीच्या कार्यक्रमांत 'जयमाला' हा सैनिकांच्या फर्माईशीचा. त्याची पत्रे इतरांहून निराळी. गावाचे नाव तीत येत नसे. हुद्दा, नाव आणि सैनिकी टपालाचा पत्ता. जवान कोठे आहे हे त्या पत्त्यावरून कळू नये, अशीच त्याची योजना. साताऱ्याकडील खेड्यात वा गढवालच्या डोंगरात रेडिओभोवती बसलेल्या घरच्यांना गाणे ऐकावयाचे नसेच, त्यांना नाव ऐकावयाचे असे. १९६५ आणि १९७१ च्या दिवसांत ही नावे कशी ऐकली गेली असतील याची कल्पना करवत नाही, कारण कार्ड लिहिले जाणे आणि नाव वाचले जाणे यांत काही दिवसांचे अंतर असावयाचेच. नाव लागले याचा अर्थ एवढाच होता, की कार्ड टाकले त्या दिवशी तो खुशाल होता आणि त्याला एक गाणे ऐकावेसे वाटले होते.