जिज्ञासा आणि तिचे ऋण

विज्ञानाची महत्त्वाकांक्षा आणि नीती यांचा प्रश्न निघाला की मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचे स्मरण होते. १८१८ साली, लेखिकेचे नाव न छापता, ती लंडन येथे प्रसिद्ध झाली. ईश्वराच्या अधिकारात हात घालणाऱ्या शास्त्रज्ञास मिळालेले शासन, असा तिचा बोध सामान्यतः सांगण्यात येतो. आम्हांस तो अपुरा वाटतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन याचा खरा अपराध निर्मितीनंतर घडतो. डोळे उघडलेल्या जिवास टाकून तो पळून जातो. तो जीव एका कुटुंबाच्या आडोशाला लपून, त्यांचे बोलणे ऐकत भाषा शिकतो आणि निर्मात्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. निर्माता ते ऐकतो, वचन देतो आणि मोडतो. ज्याच्या जीवनात आपण जिज्ञासेपोटी शिरलो, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हा या कादंबरीचा प्रश्न होय.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. माणसांचाच अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रासही तो टाळता येत नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या इतिहासात त्याचे एक बोलके उदाहरण आहे. येथे तुलना अभ्यासकांपुरतीच आहे, हे सांगणे अवश्य आहे. चांद्याच्या राजांची परंपरा ज्यांच्या मागे आहे तो गोंड समाज कोणा विद्वानाची निर्मिती नव्हे.

पैनगंगेच्या दक्षिणेस, निजामाच्या राज्यात, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, बाहेरून आलेल्यांस जमिनींचे पट्टे मिळाले आणि गोंड व कोलाम यांच्या हातून कसती जमीन निसटू लागली. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. त्यानंतर लवकरच व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या डोंगराळ मुलखात आले. पत्नी बेट्टी यांच्यासह त्यांनी मार्लवाई या गोंड खेड्यात मुक्काम केला. दैवते, कुळकथा आणि सणवार यांची त्यांनी टिपणे केली. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला.

ग्रंथाची सामग्री हाती आल्यावर निघून जाणे त्यांना सहज शक्य होते. तथापि १९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षकांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली, तीत ते अग्रभागी होते. गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. मराठीच्या शेजारामुळे ही लिपी त्या भागास परकी नव्हती. जमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावे व्हावेत यासाठीही त्यांनी खटपट केली. मराठीचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबाद संस्थानाचे अधिकारी म्हणून या भागात वावरले. त्यांनी गोंडी आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर १९४९ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला.

एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ज्या सरकारच्या गोळ्या जोडेघाटला सुटल्या, त्याच सरकारच्या आश्रयाने हे ज्ञान मिळाले होते. शासनाचे संरक्षण सैल होताच मिळालेले पुन्हा हातचे गेले. १९५६ साली जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे बाहेरच्यांची वस्ती वाढली आणि जमिनी परत हस्तांतरित झाल्या. एप्रिल १९८१ मध्ये इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. १९८२ साली हायमेनडॉर्फ यांनी भारतीय आदिवासींच्या जगण्याच्या झगड्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या डोळ्यांदेखत झालेली ही पीछेहाट त्यांनी नोंदविली. चाळीस वर्षांनंतर त्याच माणसांकडे परतून आपल्या कार्याचे काय झाले हे पाहणे, हे व्हिक्टरला कधी जमले नाही.

मार्लवाई हे गाव २०१६ पासून कुमराम भीम यांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यात मोडते. हायमेनडॉर्फ पतिपत्नींची समाधी तेथेच आहे. समाधीने ऋण फिटते असे आम्ही म्हणत नाही. एका अभ्यासकाने ते मान्य केले होते, एवढेच ती सांगते. फेडीचा भार शासनावर आणि समाजावर होता, आणि वचन तेथेच मोडले. कादंबरी शिकविताना ‘शास्त्रज्ञाने काय निर्माण केले’ या प्रश्नाबरोबर ‘नंतर तो कोठे होता’ हाही प्रश्न वर्गात विचारला जावा. आपल्या बोलींचा आणि लोककथांचा संग्रह करणाऱ्या आम्हां अभ्यासकांसही तोच प्रश्न लागू आहे.