नगरपालिकेच्या सभागृहातील जोतीराव

मराठीच्या वर्गात जोतीराव फुले शिकवले जातात ते मुख्यतः ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथांच्या आधारे. या दोहोंच्या मधल्या काळात, १८७६ ते १८८२, ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, ही गोष्ट चरित्रविषयक टिपणात एका ओळीत आटोपते. हे सदस्यत्व त्यांच्या लेखनाच्या बाहेरचे मानू नये, असे आम्हांला वाटते.

त्या काळची ही सभा लोकांनी निवडलेली नव्हती. जोतीरावही सरकारनियुक्त सदस्यच होते. नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे. जकात मालाच्या किमतीत मिसळून जाते. म्हणून शहरातला मजूरही ती नकळत भरत असे. सभागृहात मात्र त्याच्या बाजूने बोलणारा क्वचितच असे. ही विसंगती ध्यानात घेतली म्हणजे जोतीरावांच्या विरोधाचा अर्थ उलगडतो.

१८८० साली गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे आणि त्याप्रीत्यर्थ एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांपैकी विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. नागरिकांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या संस्थेने आरोग्य नासवणाऱ्या दुकानांकडे काणाडोळा करावा, हे त्यांना मान्य नव्हते.

पुढे मंडईचा प्रश्न निघाला. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भाजीबाजार भरे. त्याला छप्पर आणि शिस्त हवी, या म्हणण्यात तथ्य होते. जोतीरावांचा आक्षेप खर्चाच्या क्रमाला होता : आधी शाळा, मग भव्य इमारत. सभेने त्यांचे ऐकले नाही. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ उभे राहिले.

याच अनुभवाचा पडसाद आम्हांला १८८२ च्या हंटर आयोगापुढील त्यांच्या निवेदनात ऐकू येतो. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, असे ते तेथे सांगतात. त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची वाट रुंदावली आणि सुशिक्षितांनी तिचे स्वागत केले. जोतीरावांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता : हे स्वराज्य नेमके कोणाचे? सभेत बसून गेलेल्या माणसाची ही सावध दृष्टी आहे. कर कोण भरतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा सभागृहातला प्रश्नच ‘असूड’मध्ये शेतसारा आणि लोकल फंडाच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

१९३० च्या दशकाअखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’ची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. हा गौरव यथोचितच होता. पण ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव कोरले गेले आणि तो विरोध मात्र विस्मरणात गेला. साहित्याच्या अभ्यासकांनी सभांची इतिवृत्ते वाचावीत, ती यासाठी. बहुमताने ठराव मंजूर झाला, एवढ्यावर इतिहास संपत नाही. विरोधी पडलेल्या एका मतातही एक अख्खा ग्रंथ आकार घेत असतो.