तरंगते शैवाल आणि एक खेकडा : सागरी इतिहासातील पुराव्याचा विचार

समुद्रप्रवासात आढळलेल्या सजीवांच्या नोंदी इतिहासाच्या अभ्यासकाने कशा वाचाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात एका खेकड्याच्या आधारे केला आहे.

कर्जत-खालापूर परिसर किनाऱ्यापासून आत असल्यामुळे सागरी इतिहास येथील विद्यार्थ्यांस परका वाटतो. वस्तुतः कर्जतची उल्हास नदी कल्याणवरून वसईच्या खाडीस मिळते, तर खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीस. कोंडाणे लेणी ज्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या परिसरात आहेत, तो मार्ग कल्याण-सोपारा बंदरांकडून घाटावर जात असे. याच कल्याणचा उल्लेख असलेल्या ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात नाविकांसाठी एक सूचना आहे : खोल समुद्रातून येताना सर्प दिसू लागले की भारताचा किनारा जवळ आला असे समजावे. समुद्रसर्प बहुतांशी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. त्यामुळे ही खूण भरवशाची होती.

कोलंबसची खूण मात्र फसली. 17 सप्टेंबर 1492 रोजी अटलांटिक महासागरात त्याच्या जहाजांना तरंगत्या वनस्पतीचे पुंजके मोठ्या प्रमाणात लागले. ती नदीतील वनस्पती असावी असे वाटले. तीत एक जिवंत खेकडा सापडला व कोलंबसने तो जपून ठेवला. असे जीव जमिनीपासून ऐंशी लीगच्या पलीकडे आढळत नाहीत, तेव्हा ही भूमीची निश्चित खूण होय, असा निष्कर्ष त्याने काढला. प्रत्यक्षात भूमी दिसली ती 12 ऑक्टोबरला, म्हणजे 25 दिवसांनी. (मूळ रोजनिशी उपलब्ध नाही, लास कासासने केलेल्या सारांशावरून आपणांस हे कळते, हे येथे विसरता कामा नये.)

या निष्कर्षास हसण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ओढ्याकाठी चिंबोऱ्या धरणाऱ्या आपल्याकडील माणसानेही खेकड्यावरून काठच ओळखला असता. उल्हास नदीतून जलपर्णीचे पुंजके वाहत जाताना ज्याने पाहिले आहेत, त्यास नदीची कल्पनाही सहज सुचावी. रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे सरगॅसम हे शैवालसुद्धा खडकाला चिकटलेले असते व तुटल्यावर वाहू लागते. तेथे त्याचा पुंजका किनाऱ्याचीच साक्ष देतो.

कोलंबसला भेटलेले सरगॅसम वेगळे होते. अटलांटिकमधील त्याच्या दोन जाती आयुष्यभर पाण्यावरच तरंगतात. हवेच्या लहान फुग्यांमुळे त्या बुडत नाहीत आणि तुकडे होऊन वाढत राहतात. त्यांना तळ लागत नाही, किनाराही लागत नाही. त्यांच्या आश्रयाने खेकडे, कोळंबी, लहान मासे व कासवांची पिले राहतात. त्यांतील एक मासा तर रंगाने व आकाराने शैवालासारखाच दिसतो. हातात येईपर्यंत तो ओळखू येत नाही. अर्थात खेकडा किनाऱ्यावरून आलेला नव्हता. तो आपल्या घरीच होता.

पुरावा खरा, निरीक्षण अचूक, चूक झाली ती एका समुद्राचा नियम दुसऱ्या समुद्रास लावण्यात. 1758 मध्ये लिनिअसने शैवालवासी खेकड्यास व त्या माशास शास्त्रीय नावे दिली. कोलंबसचा खेकडा बहुधा त्याच जातीचा असावा. तेव्हा त्यास पकडून 266 वर्षे लोटली होती.