लखुजी जाधवराव
(? – २५ जुलै १६२९). निजामशाहीतील बलाढ्य मराठा सरदार, सिंदखेडचे देशमुख आणि जिजाबाईंचे पिता. देवगिरीच्या यादवांशी वंशपरंपरेचे नाते सांगणारे हे घराणे वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेवरील सिंदखेड (आता सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा) येथे वतन सांभाळून होते. येथेच १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म झाला.

मोगलांची फौज बऱ्हाणपुराहून अहमदनगरच्या मुलखाकडे सरकू लागली, तेव्हा ज्यांच्या जहागिरी त्या वाटेवर पडत होत्या त्या सरदारांच्या इमानाची कसोटी प्रथम लागली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याशी बेबनाव होऊन लखुजी मोगलांकडे गेले. तेथे त्यांना, त्यांच्या पुत्रपौत्रांना व आप्तांना मिळून चोवीस हजार जात व पंधरा हजार स्वार यांच्या मनसबी होत्या, यावरून या घराण्याचे वजन कळते. भातवडीच्या लढाईत (१६२४) ते मोगलपक्षी होते आणि जामात शहाजी निजामशाहीकडून लढत होते. १६२६ मध्ये अंबर वारल्यानंतर ते पुन्हा निजामशाहीत आले, परंतु एकदा पक्ष सोडून गेलेल्या सरदाराविषयी दरबाराच्या मनात राहिलेली शंका काही केल्या फिटली नाही. दौलताबादेच्या किल्ल्यात निजामशहाच्या मुजऱ्यासाठी गेले असता लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची भर दरबारात हत्या करण्यात आली.

चाल करून येणाऱ्या साम्राज्याच्या वाटेत सापडलेल्या अधिपतींचा घात इतरत्रही झालेला दिसतो; भूमध्य सागराच्या परिसरात लेस्बोस बेटाचा अधिपती निक्कोलो गातिलूझिओ १४६२ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा महंमद यास शरण गेला आणि पुढे त्याच सुलतानाच्या राजधानीत मारला गेला. लखुजींचा घात मात्र चाल करून येणाऱ्या पातशहाने केला नाही. ज्याच्या चाकरीत ते परतले होते, त्या धन्यानेच तो केला. त्यांनी पक्ष बदलले हे नाकारण्याचे कारण नाही, पण बोलावून आणलेल्या सरदाराला सपुत्र कापून काढणे हा राज्यरक्षणाचा उपाय नव्हता, तो निव्वळ आत्मघात होता. जाधवांची उरलेली मंडळी तत्काळ शाहजहानच्या आश्रयास गेली, १६३० मध्ये शहाजींनीही निजामशाही सोडली, १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि १६३६ मध्ये निजामशाहीचे नाव कायमचे पुसले गेले. त्या राज्याच्या अखेरीची मोजणी या हत्येपासूनच केली पाहिजे.

सिंदखेड राजा येथे लखुजींची प्रशस्त, घुमटाकार समाधी असून राजवाडा, काळा कोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव व नीलकंठेश्वराचे मंदिर ही घराण्याच्या वैभवकालाची इतर स्थळे होत. घराण्याच्या शाखा देऊळगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा इत्यादी गावी पसरल्या. पुढे याच कुळातील रामचंद्र जाधवराव हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत असता १७५७ मध्ये पेशव्यांच्या सैन्याने त्यांना सिंदखेड येथेच वेढले होते.