राइझ प्रयोग (कॅनबेरा)

राइझ हा पुनर्स्थापक न्यायाच्या मूल्यमापनासाठी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९९५ ते २००० या काळात झालेला संशोधन-प्रयोग होय. लॉरेन्स शर्मन व हेदर स्ट्रँग हे त्याचे प्रमुख संशोधक होते.

पद्धत
स्वेच्छेने समेटाच्या बैठकीस येणारे आरोपी मुळातच सुधारण्यास उत्सुक असू शकतात. त्यांची इतरांशी तुलना फसवी ठरते. म्हणून गुन्हा न नाकारणाऱ्या आरोपींची प्रकरणे यादृच्छिक रीतीने न्यायालय व बैठक यांत विभागण्यात आली. निरीक्षकांच्या नोंदी, आरोपी व पीडितांच्या मुलाखती आणि पोलिसांकडील पुनर्गुन्ह्यांच्या नोंदी अशी तिहेरी माहिती जमवण्यात आली.

निष्कर्ष
तरुणांच्या हिंसक गुन्ह्यांत बैठकीच्या गटाचे पुनर्गुन्हे दर १०० आरोपींमागे वर्षाला सुमारे ३८ ने अधिक घटले. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या ९०० प्रकरणांत मात्र ते न्यायालयीन गटाच्या तुलनेत किंचित वाढले. बैठकीच्या गटातील पीडितांना आरोपीकडून क्षमायाचना मिळण्याचे प्रमाण बरेच अधिक होते.

महत्त्व
सर्व गुन्ह्यांची एकच सरासरी काढली असती, तर हा भेद झाकला गेला असता. पुनर्गुन्हा आणि पीडितांचे समाधान ही दोन फलिते स्वतंत्रपणे मोजण्याची गरजही या प्रयोगातून स्पष्ट झाली.